डाव्या खांद्याचा दस्ता

१२ जुलै

प्रिय काका,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी तुमच्या छातीत धस्स होईल, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत, बाबा तर जरा जास्तच. फोन केला असता, पण करवतीनं तुमचे कान नेले असं आई सांगते, आणि माझा फोन संध्याकाळनंतर बाबांच्या खिशात असतो. म्हणून पत्र. बाबांना यातलं काही माहीत नाही. आईला माहीत आहे, पण विचारलं तर तीही हात वर करेल.

मुद्द्यावर येते. मी रायफल क्लबात जाते. छऱ्यांची एअर रायफल, समोर कागदाचं टार्गेट, मध्ये काळा गोल. मी डावरी आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून डाव्या हातानं तुमच्या मिशा ओढायचे म्हणे. कोचनी पहिल्याच दिवशी विचारलं, "लिहितेस कुठल्या हातानं?" आणि बंदूक डाव्या खांद्याला लावून दिली. तिथपर्यंत ठीक. पण क्लबातल्या सगळ्या बंदुका उजव्यांच्या. दस्त्यावर गाल टेकायला लाकडाचा उंचवटा असतो ना, तो माझ्या बाजूला नाहीच, पलीकडे आहे. मुठीचा फुगवटा तळहातात बसायच्या ऐवजी बोटांना टोचतो. गाल नुसता हवेत. कोच म्हणतात, तू बंदूक धरत नाहीस, तिच्याशी भांडतेस.

मार्चमध्ये निवड आहे आणि ज्युनियरचं माझं हे शेवटचं वर्ष. संघात आले तर क्रीडा वसतिगृहात जागा, पुढचं शिक्षण, सगळं. नाही आले तर बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर. नुसतं सांगितलं असतं तर मी हसले असते, पण बाबांनी माझ्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलंय.

तुम्ही फर्निचरच्या जोडीनं बंदुकांचे दस्तेही करता असं आई म्हणाली. मला एक डावा करून द्याल?

तुमची पुतणी


२० जुलै

प्रिय डावरे,

तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि हातातलं कपाट बाजूला सारलं. गिऱ्हाईक बोंबलतंय, बोंबलू दे. मला ऐकू येत नाही हे एक बरं आहे.

"करून द्याल?" म्हणून काय विचारतेस? अगं, मी जन्मभर वाट बघत होतो की आपल्या घरातून कोणीतरी मला हे विचारेल. तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. मी लिहायला बसलो की तुझे आजोबा माझा डावा हात टॉवेलनं खाटेच्या पायाला बांधायचे. गाठ मारायचं काम तुझ्या बापाचं. एवढासा होता, पण गाठ पक्की मारायचा. मी उजव्या हातानं लिहायचो, शाई सांडायचो आणि मार खायचो. अजून माझी सही दर वेळी वेगळी येते, बँकेतली बाई रोज नाक मुरडते. करवत आणि रंधा मात्र डाव्यानंच चालवतो. तिथे मला शिकवायला कोणी आलं नाही, म्हणून ते काम मला येतं.

आता मापं. कोपर काटकोनात वाकव, कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोज. खांद्यापासून गालाच्या हाडापर्यंत मोज. पंजा कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरव, बोटं नैसर्गिक पडतात तशी पडू देत, उगाच फाकवू नकोस. बंदुकीचा लोखंडी भाग लाकडात बसतो त्या खाचेवर कागद ठेवून छाप काढ. मापं आईकडून काढून घे. तुझ्या बापाचं माप त्याच्या गिऱ्हाइकांना लखलाभ.

अक्रोडाची एक फळी माझ्याकडे कित्येक वर्षं वाळत पडली आहे. दोघा-तिघांनी मागितली, दिली नाही. का दिली नाही ते मलाही सांगता यायचं नाही. आता तिला हात लावतो.

आणि हे बघ, डावरी आहेस म्हणून कोणापुढे मान खाली घालायची नाही.

काका


१८ सप्टेंबर

प्रिय काका,

दस्ता आला! बाबा दुकानात होते, आईनं पार्सल गादीखाली लपवलं आणि स्वतः वर बसून राहिली, मी येईपर्यंत उठलीच नाही. मूठ हातात घेतली आणि काका, मी रडले. खरंच रडले. इतकी वर्षं कात्री, बाक, डब्याचं झाकण, काही म्हणून माझ्या हातासाठी केलेलं नव्हतं. पहिल्यांदा एखादी वस्तू मला ओळखते असं वाटलं.

क्लबात सगळे गोळा झाले. कोचनी तो उलटसुलट करून बघितला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तुझ्या काकांनी जीव ओतलाय यात." ते सहसा कोणाचं कौतुक करत नाहीत.

पण काका, एक सांगायचंय. गुण वाढत नाहीयेत. मला वाटलं होतं दस्ता आला की गाडी रुळावर येईल. हात छान बसतो, खांदा बसतो, पण गाल टेकला की डोळा नेम धरायच्या मागच्या भोकासमोर येतच नाही. डोकं आपोआप दस्त्यावरून पलीकडे झुकतं. मान अवघडून जाते.

काल कोचनी एक प्रयोग केला. दोन्ही हात पुढे करून बोटांचा त्रिकोण करायचा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. डावा मिटला तर घड्याळ जागच्या जागी. उजवा मिटला तर घड्याळ गायब! कोच कपाळावर हात मारून म्हणाले, "तुझा हात डावा आहे, पण नेम धरणारा डोळा उजवा आहे. असं असतं काहींचं. बंदूक डोळ्याच्या बाजूला लावायची असते. मी हे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. उजव्या खांद्यावर ये, अजून वेळ आहे."

काय करू? मैत्रिणीनं काढलेला फोटो पाठवतेय, नेम धरतानाचा. तुम्हीच सांगा.

तुमची डावरी


२६ सप्टेंबर

प्रिय डावरे,

झालं! मी याचीच वाट बघत होतो. आधी हात धरतात. हात सुटला की डोळा धरतात. उद्या म्हणतील, तुझं काळीजही उजवीकडे आहे, तेवढं हलवून घे.

फोटो बघितला. डोळ्याचं काही एक नाही. गाल टेकायची पट्टी उंच झाली आहे, म्हणून डोकं जागा शोधत पलीकडे जातं. चूक असेल तर माझ्या रंध्याची, तुझी नाही. नवी गालपट्टी पाठवतोय, बोटभर खाली घेतली आहे. दोन स्क्रू काढ, ही बसव. चष्मा घालतेस ना नेम धरताना? उजव्या काचेवर चिकटपट्टी लाव. डावा डोळा आळसावलाय, त्याला कामाला लाव. कोणी लावलंच नाही तर तो तरी काय करणार?

तुझ्या कोचला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, आमच्या घरात हे पूर्वी होऊन गेलंय. टॉवेल आणि खाट तेवढी राहिली.

उजव्या खांद्याला बंदूक लावलीस तर मला पत्र टाकू नकोस. हे मी रागानं लिहीत नाही. बरं, रागानंच लिहितोय.

काका


१५ नोव्हेंबर

प्रिय काका,

गालपट्टी बसवली, चिकटपट्टी लावली. पहिले काही दिवस बरं गेलं, मी तर आईला सांगूनही टाकलं की जमलं. मग डावा डोळा पाण्यानं भरायला लागला. थोडा वेळ नेम धरला की काळा गोल पुसट होतो, कधी दोन दिसतात. चिकटपट्टी काढली की डोकं पुन्हा पलीकडे. पट्टी खाली गेली तशी मानही खाली गेली, एवढाच फरक. आई रोज शेकते आणि बाबांना सांगते, पोरगी अभ्यास करून करून वाकली. बाबांनी माझ्यासाठी उशी आणली. मला इतकी लाज वाटली.

एक सांगते, रागावू नका. परवा कोच चहाला गेले होते. मी क्लबची जुनी बंदूक उचलली आणि उजव्या खांद्याला लावली. नुसतं बघायला. हात परका वाटत होता, चाप कुठे आहे तेही बोटाला कळेना. पण डोळा! काका, टार्गेट इतकं स्वच्छ मी कधी बघितलंच नव्हतं. सगळे छर्रे काळ्यात, एकमेकांना चिकटून. मी तो कागद फाडून टाकला. कोचना दाखवला नाही. फक्त तुम्हाला सांगतेय.

एकदा येऊन मला बघाल का? घरी नका येऊ, सरळ क्लबात या. बाबा तिकडे फिरकत नाहीत. कागदावर लिहून मला नीट सांगता येत नाहीये. तुम्ही समोर उभे राहून बघितलंत तर तुम्हाला लगेच कळेल काय चुकतंय. मग तुम्ही म्हणाल ते मी करेन.

तुमची डावरी


२ डिसेंबर

प्रिय डावरे,

रागावलो नाही. वाईट वाटलं. खरं सांगितलंस हे बरं केलंस. परक्या बंदुकीवर पहिल्यांदा सगळ्यांचंच बरं जातं, मन लावून धरलेली नसते म्हणून. त्यावर जाऊ नकोस.

येणार नाही. आजोबा गेले त्या दिवशी तुझा बाप चारचौघांत म्हणाला, या डावऱ्यानं वडिलांना जन्मभर सुख लागू दिलं नाही. त्या दिवशी मी त्या गावाच्या नावानं आंघोळ केली. तिथे पाय ठेवणार नाही म्हणालो ते म्हणालो. तू मध्ये पडू नकोस.

पण तुझ्यासाठी एक केलं. इथे एक जुना नेमबाज आहे, आम्ही त्याला टकलू म्हणतो. पूर्वी मोठमोठ्या स्पर्धा मारल्या आहेत त्यानं, आणि त्याचे दस्ते मीच करतो. त्याला घरी बोलावलं, तुझा फोटो दाखवला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, डोळ्याला सवय लागते, पोरीला म्हणावं धीर सोडू नकोस. बघ! तुझ्या कोचपेक्षा त्यानं चार पावसाळे जास्त पाहिलेत.

तिसरी गालपट्टी पाठवतोय. ही मधून खोलगट कोरली आहे, गाल आत जाऊन बसेल. कोरताना हाताला लागलं, पण काम झकास झालंय.

काका


२० फेब्रुवारी

प्रिय काका,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. सकाळी सराव, रात्री शेक.

काल कोचनी शेवटचं विचारलं, "डावा की उजवा? आता नाव पाठवायचंय." माझ्या तोंडाशी उजवा आलं होतं. मी डावा म्हणाले. ते म्हणाले, "तुझी मर्जी." तेव्हापासून ते माझ्याशी नेमाबद्दल बोलतच नाहीत. पाणी पी, बुटाची लेस बांध, एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मला खूप भीती वाटते. त्या टकलू आजोबांचा तेवढा आधार आहे. "डोळ्याला सवय लागते, धीर सोडू नकोस." हे मी जॅकेटच्या आतल्या बाजूला पेनानं लिहून ठेवलंय. फेरीच्या आधी वाचते.

तुमची डावरी


२७ फेब्रुवारी

प्रिय डावरे,

भीती वाटायचीच. मला पहिल्यांदा करवत हातात घेताना वाटली होती.

ते जॅकेटमधलं पुसून टाक. मनात असलं की पुरे, लिहून कशाला ठेवायचं? आणि टकलूचं एवढं मनावर घेऊ नकोस, तो काय, बोलतो. तू माझ्याकडे बघ. दस्ता चांगला आहे. हात चांगला आहे. डाव्या खांद्यानं जाऊन त्यांच्या नाकावर टिच्चून ये.

काका


२ एप्रिल

काका,

निवड झाली नाही.

सुरुवात वाईट नव्हती. शेवटच्या फेरीत डाव्या डोळ्यानं दगा दिला, मी चिकटपट्टी उपटून काढली, मान झुकवली आणि छर्रे काळ्याबाहेर गेले. थोडक्यात राहिले. फार वाईट खेळले असते तर निदान मनाला समजावलं असतं.

रडून झाल्यावर बंदूक पेटीत भरत होते, तेव्हा पंचांपैकी एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. डोक्यावर एक केस नाही. दस्त्यावर हात ठेवून म्हणाले, "हे काम मी झोपेतही ओळखेन. तू त्याची पुतणी ना, फोटोतली?" मी आभार मानायला तोंड उघडलं. तेवढ्यात तेच म्हणाले, "पण अगं, तू अजून डाव्याच खांद्यावर कशी? मी त्याच्या घरी बसून त्याला सांगितलं होतं, पोरीचा डोळा उजवा आहे, फोटोत स्वच्छ दिसतंय, उद्याच्या उद्या खांदा बदलायला लाव. त्यानं तुला कळवलं नाही?"

मी म्हणाले, कळवलं होतं, मीच ऐकलं नाही. तुमची लाज मी राखली. का राखली ते माहीत नाही. अंगात जॅकेट होतं आणि जॅकेटच्या आत त्यांचं वाक्य होतं, जे त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं.

मला वाटत होतं तुम्ही माझ्यासाठी दस्ता करताय. तुम्ही आजोबांशी भांडत होतात, माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून. आजोबा तर केव्हाच गेले, त्यांना काय लागणार? लागायचं ते मला लागलं. एकदा येऊन बघा म्हणून किती विनवलं तुम्हाला. एकदा बघितलं असतंत तर खोटं लिहायला हात धजला नसता. म्हणूनच आला नाहीत ना?

बाबांना सगळं सांगितलं, पहिल्या पत्रापासून. वाटलं घर डोक्यावर घेतील. पण ते एवढंच म्हणाले, "मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. गाठ सैल मारली की मार मला बसायचा. दादाला हे कोणी सांगितलं नसेल." त्यांच्या तोंडून दादा हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग ते उठून खिळ्यांची खोकी लावायला लागले, लावलेलीच होती तरी.

आता मी गल्ल्यावर बसते. बिजागऱ्या, कड्या, नळाच्या तोट्या. वसतिगृह गेलं ते गेलं. पण कोच म्हणाले, खुल्या गटाला वयाची अट नाही, दुकान उघडायच्या आधी येत जा, उजव्या खांद्यावर मुळापासून सुरू करू. बाबा हो म्हणाले. क्लबची उजवी बंदूक मला लांब पडते आणि मूठ माझ्या हातात गच्च बसत नाही.

तुमचा इतका राग आलाय की हे लिहिताना दोनदा कागद फाडला. तरी विचारते, कारण माझा हात तुमच्याइतका कोणाला माहीत नाही. आणि कारण मला तुम्ही हवे आहात. मला उजवा दस्ता करून द्याल?

पुतणी


१९ एप्रिल

चि. पुतणीस,

टकलू खरं बोलला. त्या दिवशी मी त्याच्याशी भांडलो, त्याला घराबाहेर काढलं आणि मग तुला पत्र लिहायला बसलो. का, ते तू ओळखलंच आहेस, मी वेगळं काय सांगू? आपल्या घरात माझ्यासारखं कोणीतरी निपजलं म्हणून मी इतका सुखावलो होतो की रात्री उठून त्या फळीवर हात फिरवायचो. तुझा डोळा उजवा आहे म्हटल्यावर वाटलं, हीही गेली, त्यांच्यात. तुझं नुकसान होईल हे दिसत होतं. दिसत असून केलं.

तुझा बाप जे म्हणाला ते वाचलं. त्याला काही सांगू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुसरी फळी काढली. तुझी मापं उलटी करून कागदावर मांडली, लाकडावर रेघ मारली. पटाशी हातात धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. आठवडा झाला, रेघेच्या पुढे काम नाही. हा हट्ट आहे, मला कळतं. तुझ्या आजोबांनाही कळत असेल, आणि त्यांच्याही हातून सुटला नाही. मी त्यांचाच मुलगा, हे या वयात समजलं.

डावा दस्ता परत पाठवून दे, तिन्ही गालपट्ट्यांसकट. कुठेतरी एखादं डावं पोर असेल, डोळ्यानंही डावं.

तुझं आता सोपं झालंय. उजवा दस्ता कुठल्याही दुकानात मिळतो. त्याला काका लागत नाही.